जुन्या खड्यांची नवी अंगठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या दागिन्यातले खडे काढून हाताने सोन्याची अंगठी घडवून घ्यायची ठरली की बहुतेक जण आधी डिझाइन शोधायला लागतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी खडे नीट ओळखा, मग सोनं बघा, मग बोटाचं माप घ्या आणि त्यानंतर चित्र काढा. सोन्याचं काम बिघडलं तर ते पुन्हा मुशीत टाकता येतं. तडकलेला पाचू मात्र कुणालाच सांधता येत नाही. पुढची सगळी उत्तरं हाच क्रम धरून दिली आहेत.

दागिना मोडण्याआधी काय बघायचं?

पहिली गोष्ट म्हणजे, तो मोडायलाच हवा का? दागिना अखंड असेल, काम बारीक असेल, मागे कारागिराची किंवा पेढीची खूण असेल, तर आधी जाणकाराला दाखवा. काही जुन्या दागिन्यांची किंमत त्यांच्या सोन्या-खड्यांपेक्षा घडणीत जास्त असते आणि ती मोडल्याक्षणी संपते. एकटं उरलेलं कानातलं, तुटकं ब्रोच, पातळ होऊन फाटलेली अंगठी यांच्या बाबतीत मात्र संकोच करू नका. पेटीत पडून राहण्यापेक्षा ते खडे बोटावर असलेले बरे.

दुसरी गोष्ट, दागिना उलटा करून बघा. खड्याची मागची बाजू उघडी आहे की सोन्याने बंद? बंद असेल तर आत चमकदार पातळ पत्रा असण्याची दाट शक्यता आहे. खड्याचा रंग आणि तेज वाढवायला तो बसवलेला असतो. कुंदनकामातले चपटे, जवळजवळ अनघड हिरे त्याच्याच जोरावर चमकतात. असा खडा बाहेर काढला की फिका, कधीकधी काचेसारखा दिसतो आणि मालकाला वाटतं आपला खडा बदलला. बदललेला नसतो, मागचा आरसा गेलेला असतो. म्हणून बंद पाठीचा खडा काढायचाच असेल तर नवी अंगठीही बंद पाठीची करायची, हे आधीच ठरवा. आणि असा दागिना पाण्याने धुऊ नका. आत ओल शिरली की पत्रा काळवंडतो.

खडे खरे आहेत का, हे घरी कळतं का?

थोडंफार कळतं, पण खात्री होत नाही. 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खडा खिडकीच्या उजेडात धरा. आत गोल बुडबुडे दिसले तर काच किंवा कृत्रिम खडा असण्याचा संशय घ्या. पैलूंच्या कडा गोलसर झिजल्या असतील तर दगड मऊ आहे. बाजूने पाहिल्यावर मधोमध जोडाची रेषा दिसली तर तो दोन तुकडे चिकटवलेला खडा असू शकतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वर गार्नेटचा पातळ थर आणि खाली रंगीत काच असे खडे भरपूर बनत आणि ते अजूनही जुन्या दागिन्यांत सापडतात.

हिऱ्यावर फुंकर मारून वाफ किती पटकन जाते हे बघण्याची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यावर निर्णय सोडू नका. उष्णता किती वेगाने वाहते हे मोजणारं साधं यंत्रसुद्धा मॉइसनाइटला, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच खड्याला, हिरा म्हणून पास करतं. खडा महत्त्वाचा असेल तर रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत द्या, आणि तेही दागिना मोडण्याआधी. रंग किंवा चिरा सुधारायला त्यावर कोणता उपचार झालेला आहे हे कळलं की तो काढण्यापासून बसवण्यापर्यंतचं सगळं काम त्यानुसार करता येतं.

आमचं माणिक शंभर वर्षांपूर्वीचं आहे. म्हणजे ते खाणीतलंच ना?

असं गृहीत धरू नका. ऑग्युस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने ज्योतीत भुकटी वितळवून माणिक बनवण्याची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली आणि काही वर्षांतच अशी माणकं बाजारात भरपूर आली. त्यामुळे दागिना खरोखर जुना असूनही त्यातलं माणिक कारखान्यातलं असू शकतं. त्याच्या आत वाढीच्या रेषा वक्र दिसतात, खाणीतल्या माणकात त्या सरळ किंवा कोनात असतात.

वयाचा उपयोग दुसऱ्या बाजूनेही होतो. क्यूबिक झिरकोनिया हा हिऱ्याची नक्कल करणारा कृत्रिम खडा दागिन्यांसाठी 1976 च्या सुमाराला विकायला आला. त्याआधीच्या दागिन्यात तो सापडला तर मूळ खडा मध्येच कधीतरी बदलला गेला आहे.

अंगठीत कोणते खडे टिकतात?

अंगठीइतका मार दुसरा कोणताच दागिना खात नाही. दाराची कडी, नळ, टेबलाची कड, सगळीकडे हात आपटतो. शिवाय साध्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि मोझच्या कठीणतेच्या 1 ते 10 या मापावर क्वार्ट्झ 7 वर आहे. त्याहून मऊ खडा नुसती धूळ पुसतानाही हळूहळू घासला जातो.

हिरा 10, माणिक आणि नीलम 9, पुष्कराज म्हणून विकला जाणारा टोपाझ आणि स्पिनेल 8. हे रोज घालायला चालतात. टोपाझला मात्र एका दिशेने सरळ चिरण्याची खोड आहे, त्याला ठोसा लागू देऊ नका. पाचू 7.5 ते 8 असला तरी आतून बहुधा चिरांनी भरलेला असतो, म्हणून आकड्यावर भुलू नका. गार्नेट, अ‍ॅमेथिस्ट, पेरिडॉट यांना कडेने सोन्याची भिंत द्या. ओपल 5.5 ते 6.5, फिरोजा 5 ते 6, पोवळं 3 ते 4 आणि मोती त्याच आसपास. हे प्रसंगी घालायच्या अंगठीतच ठेवा. कानातल्यात पन्नास वर्षं सुखरूप राहिलेला ओपल अंगठीत फार लवकर निस्तेज होतो, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरीही आग्रह होतो. मग निदान त्याला खोल कोंदणात, म्हणजे खड्याला चहूबाजूंनी धरणाऱ्या सोन्याच्या भिंतीत, बसवा.

एकाच अंगठीत अनेक प्रकारचे खडे असतील तर सगळ्यांत नाजूक खडा बघून रचना करायची. शेजारी शेजारी ठेवायचे असतील तर मध्ये सोनं हवं. हिऱ्याची कड पाचूला लागत राहिली तर पाचू झिजतोच.

खडे काढताना फुटतात का?

घाई केली तर फुटतात. सोन्याच्या बारीक नख्यांनी धरलेला खडा असेल तर एकेक नखी पातळ पात्याने किंचित उचलायची किंवा सरळ कापून टाकायची. जुनं सोनं वितळवायचंच आहे, त्याला जपून खड्यावर जोर देण्यात काय अर्थ? कोंदण असेल तर त्याची भिंत बाहेरून कानशीने कागदाइतकी पातळ करायची आणि मग सोलायची. खड्याखाली सुरी घालून उचकटणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. बरेच खडे तिथेच कडेला टवका देतात.

काही जुन्या दागिन्यांत खडे लाखेत बसवलेले असतात, काहींत पोकळ सोन्याच्या आत लाख भरलेली असते. ती मऊ करायला ज्योत लावू नका. लाख आधी बाहेरून कोरून काढा, उरलेली स्पिरिटमध्ये भिजवून सुटते. पण मोती, पोवळं, फिरोजा किंवा चिरा झाकायला तेल मुरवलेला पाचू शेजारी असेल तर स्पिरिटही नको.

जुन्या हिऱ्याला नव्याने पैलू पाडून घ्यावेत का?

माझं स्पष्ट मत: नाही. आजच्या गोल ब्रिलियंट हिऱ्याची प्रमाणं हिरे घडवणाऱ्या घराण्यातल्या मार्सेल टोल्कोव्स्की यांनी 1919 मध्ये गणिताने मांडली. त्याआधीचे हिरे डोळ्यांच्या अंदाजाने घडवलेले आहेत. वरचा सपाट पैलू लहान, डोकं उंच, खालचं टोक बोथट. वरून पाहिलं की त्या टोकाचं छोटं वर्तुळ मधोमध दिसतं. दिव्याच्या मंद उजेडात हे हिरे मोठ्या, सावकाश हलणाऱ्या ठिणग्या टाकतात. नव्या हिऱ्याचं तुटक लखलखणं त्यांच्याकडे नसतं आणि ते नसणंच छान दिसतं. पुन्हा पैलू पाडले की वजनही बरंच जातं. एक कॅरेट म्हणजे फक्त 0.2 ग्रॅम, त्यातलं आणखी कशाला घालवायचं?

घासलेल्या रंगीत खड्याची गोष्ट वेगळी. वरचे पैलू हलक्या हाताने पुन्हा पॉलिश केले तर अगदी थोडं वजन जाऊन रंग उघडतो. ते जरूर करा.

टवका उडालेला खडा टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. टवका कडेला असेल तर त्यावर नखी येईल अशी रचना करता येते किंवा कोंदणाची भिंत तो झाकते. चीर आत खोल जात असेल तर मात्र तो खडा अंगठीत नको, लॉकेटमध्ये ठेवा.

त्याच दागिन्याचं सोनं वापरता येतं का?

येतं, पण तपासून. जुन्या दागिन्यात सगळं सोनं एका शुद्धतेचं नसतं. फासा एक, कडी दुसरी, झाळ, म्हणजे सांधायला वितळवलेला धातू, तिसरीच. कधीतरी घाईच्या दुरुस्तीत शिसं-कथलाची झाळ लावलेली असते, आणि शिशाचा अगदी थोडा अंश सोन्यात गेला तरी ते ठिसूळ होऊन हातोडीखाली फाटतं. करड्या रंगाचा मऊ डाग दिसला की तेवढा भाग कापून बाजूला काढा. काही जुन्या झाळींत कॅडमियम असतं. त्याचा धूर विषारी आहे, म्हणून वितळवण्याची जागा हवेशीर आणि धूर खेचून घेणारी हवी.

मिश्रण फार गुंतागुंतीचं असेल तर शुद्धीकरणाला देऊन नवं सोनं घेणं शहाणपणाचं. ज्यांना त्याच दागिन्याचं सोनं बोटावर हवं असतं त्यांच्यासाठी एक मधला मार्ग आहे आणि तो मला फार आवडतो. जुन्या दागिन्याचा एखादा धड भाग, एखादं कोंदण किंवा फुलाची पाकळी, न वितळवता तशीच नव्या अंगठीत झाळून बसवायची.

वजनाबद्दल एक सूचना. जुन्या दागिन्याचं वजन करताना त्यात खडे, लाख, मेण, मळ सगळं येतं. खडे काढून, लाख काढून, धुऊन वजन करा आणि तोच आकडा लिहून घ्या.

22 कॅरेट की 18?

22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोनं असतं, 18 मध्ये 75 आणि 14 मध्ये 58.5. आतल्या बाजूला 916, 750, 585 असे आकडे दिसतात ते हेच. 22 कॅरेट मऊ आहे. त्याचं कोंदण खड्यावर सुरेख वळतं आणि रंगाला तोड नाही, पण बारीक नख्या त्यात करू नका. त्या वाकतात आणि खडा पडतो. नख्या करायच्या तर 18 कॅरेट. दोन्हींचा मेळही बसतो: वेढं, म्हणजे बोटाभोवतीची पट्टी, 22 चं आणि खड्याची बैठक 18 ची.

22 चं सोनं 18 करायला काय घालावं लागतं याचा हिशोब सोपा आहे. 10 ग्रॅम 22 कॅरेटमध्ये 9.16 ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला 0.75 ने भागलं की 12.21. म्हणजे चांदी आणि तांबं मिळून 2.21 ग्रॅम घालायचं. तांबं जास्त तर रंग लालसर, चांदी जास्त तर फिकट हिरवट पिवळा.

एका अंगठीला किती सोनं लागतं?

आतला व्यास 17 मिमी, पट्टी 3 मिमी रुंद आणि 1.8 मिमी जाड धरू. पट्टीची लांबी काढताना आतल्या व्यासात जाडी मिळवायची आणि 3.14 ने गुणायचं. 18.8 गुणिले 3.14, म्हणजे सुमारे 59 मिमी. हे झालं 0.32 घन सेंटिमीटर. पिवळ्या 18 कॅरेटची घनता 15.5 च्या आसपास, म्हणून नुसत्या वेढ्याला साधारण 5 ग्रॅम. कोंदणाचे एक-दीड ग्रॅम, शिवाय कापताना आणि कानस मारताना निघणारा कीस. सात-आठ ग्रॅम हाताशी असल्याशिवाय सुरुवात करू नये. कीस मात्र वाया जात नाही, तो गोळा करून पुन्हा वितळवतात. त्याचा हिशोब मागायला लाजू नका.

हाताने घडवतात म्हणजे नेमकं काय करतात?

सोनं मुशीत टाकून वर चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स) घालतात. शुद्ध सोनं 1064 अंश सेल्सिअसला वितळतं, मिश्रण त्याहून थोडं आधी. टाकणखार मळ ओढून घेतो आणि हवा लागू देत नाही. रस आरशासारखा फिरू लागला की तो साच्यात ओतून कांडी करतात.

मग कांडी ठोकायची. हातोडीखाली किंवा रुळांमधून सोनं जसं दबतं तसं कडक होत जातं, आणि तसंच दामटलं तर कडेला फाटतं. म्हणून मधूनमधून अंधाऱ्या कोपऱ्यात ते मंद लाल दिसेपर्यंत तावून घेतात. पुन्हा मऊ, पुन्हा ठोकायचं. या ठोकण्यानेच सोन्याला घट्टपणा येतो. साच्यात ओतलेल्या अंगठीत कधीकधी बारीक छिद्रं राहतात, ठोकलेल्या सोन्यात ती राहत नाहीत. नख्यांसाठी तार हवी असेल तर ती जंतरपट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढतात.

पट्टी वाकवून टोकं जुळवतात. जोड इतका घट्ट हवा की उजेडाकडे धरल्यावर फट दिसू नये. झाळ फट भरत नाही, ती फक्त चिकटलेल्या कडांमधून धावते. एकामागून एक जोड असतील तर पहिल्याला जास्त उष्णतेवर वितळणारी झाळ वापरतात आणि पुढच्या जोडांना कमी कमी, म्हणजे आधीचा सुटत नाही. मग सौम्य आम्लात टाकून काळवटपणा काढायचा. तिथे लोखंडी चिमटा बुडवला तर अंगठीवर तांब्याचा थर चढतो, म्हणून तांब्याचा किंवा प्लास्टिकचा चिमटा घ्या.

वेढं निमुळत्या पोलादी दांड्यावर गोल करून झालं की खड्याची बैठक घडवायची. इथे जुन्या खड्यांचं वेगळेपण कळतं. नवे खडे ठरलेल्या मापाचे येतात, बैठका तयार मिळतात. जुना खडा कुठे लांबट, कुठे एका बाजूला जाड, कंबर वाकडी. त्याच्याभोवती पट्टी गुंडाळून, त्याच खड्याचं माप घेऊन कोंदण करावं लागतं. ते दुसऱ्या खड्याला बसत नाही. हाताने घडवण्याचं खरं कारण मला इथे दिसतं: तयार साचा या खड्याला सामावून घेऊ शकत नाही.

कानस, पॉलिश पेपर आणि मग खडा बसवणं. कोंदणाची भिंत एका बाजूने दाबली की लगेच समोरच्या बाजूने दाबायची, मग उरलेल्या दोन, मग मधले भाग. शेवटी ओपणीने, म्हणजे गुळगुळीत पोलादी हत्याराने, कडा चोपून उजळायच्या.

कोंदण करावं की नख्या?

नाजूक, घासलेले, कडेला टवका असलेले खडे कोंदणात. स्वच्छ हिरा किंवा नीलम, ज्याला बाजूने उजेड हवा, तो नख्यांत. टोकदार खड्याच्या टोकाला व्हीसारखी वळलेली नखी हवीच, टोक उघडं सोडू नका. सोन्यात खड्डा करून खडा सपाट ठोकून बसवण्याची पद्धत दिसायला छान आहे, पण ती हिरा, माणिक, नीलम यांच्यापुरतीच ठेवा. पाचूला हातोडीचे ठोके सोसत नाहीत.

खडे वेगवेगळ्या आकारांचे आहेत. चांगले दिसतील का?

दिसतील, पण ते सारखे असल्याचा आव आणू नका. दोन समांतर भिंतींमधल्या खाचेत ओळीने बसवायला सगळे खडे एका मापाचे लागतात, तिथे जुने खडे फसतात. त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतंत्र कोंदण द्या आणि मोठा-लहान अशी मोकळी मांडणी करा. कागदावर नको, मेणाच्या किंवा मातीच्या गोळीवर प्रत्यक्ष खडे ठेवून, बोटाजवळ धरून बघा.

मोती कसा बसवतात?

अर्धं भोक पाडून, सोन्याच्या बारीक खिळीवर चिकटवून. सगळी झाळ, आम्ल आणि पॉलिश उरकल्यावर, अगदी शेवटी.

खडा बसवलेला असताना झाळ लावली तर चालते?

टाळता आली तर टाळा. हिरा बऱ्यापैकी उष्णता सोसतो, पण उघड्या हवेत फार तापला तर त्याचा पृष्ठभाग जळून दुधी होतो. त्यासाठी कारागीर त्यावर बोरिक अ‍ॅसिडचा लेप देतात. तोच लेप माणिक-नीलमावर देऊ नका, तापल्यावर तो त्यांचा पृष्ठभाग कोरतो. अ‍ॅमेथिस्टचा रंग उडतो, ओपल तडकतो, पाचूतलं तेल निघून चिरा उघड्या पडतात, चिरांत काच भरलेलं माणिक आम्लात खराब होतं. दुरुस्तीला अंगठी देताना कोणता खडा आहे हे म्हणूनच लिहून द्या.

बोटाचं माप कधी घ्यावं?

सकाळी आणि थंडीत बोटं बारीक असतात. दिवस कलताना, हात नेहमीसारखा उबदार असताना, ज्या हाताच्या ज्या बोटात घालायची त्याचंच माप घ्या. रुंद पट्टी किंचित सैल मापाची लागते. पूर्ण गोलभर खडे असलेली अंगठी नंतर मोठी-लहान करता येत नाही. म्हणून मागचा थोडा भाग साधा ठेवायला सांगा.

आपलेच खडे परत आले, याची खात्री कशी करायची?

खडे शक्यतो आपल्या समोर काढून घ्या. प्रत्येकाची लांबी, रुंदी, उंची मिलिमीटरमध्ये आणि वजन कॅरेटच्या शंभराव्या भागापर्यंत लिहा. भिंगातून फोटो काढा. आतले डाग, पिसासारख्या चिरा, झिजलेली कड यांची जागा दोन खड्यांत सारखी नसते, आणि ती पुसताही येत नाही. या नोंदीच्या दोन प्रती करून दोघांनी सह्या कराव्यात. प्रामाणिक कारागीर याने दुखावत नाही, उलट त्याचंही रक्षण होतं.

मी स्वतः घडवू शकेन का?

शिकून, हो. पहिल्या अंगठ्या तांब्याच्या आणि चांदीच्या, स्वस्त खड्यांच्या करा. चांदीचं कोंदण न खरचटता वळायला लागलं की सोन्याकडे या. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, खिडकी उघडी. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही. सोनं आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात, विरघळवून शुद्ध करण्याचा प्रयोग घरी करू नका.

तयार अंगठीची निगा कशी राखायची?

खड्याची पाठ उघडी असेल तर कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. मोती, ओपल, फिरोजा, पोवळं फक्त ओलसर मऊ कापडाने पुसा. पाचूला आणि पाठ बंद असलेल्या खड्यांना ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालू देऊ नका. क्लोरीन असलेल्या ब्लीचने कमी कॅरेटचं सोनं, विशेषतः पांढरं, तडकू शकतं. तरणतलावात उतरताना अंगठी काढून ठेवा. अंगठी कानाजवळ धरून नखाने हलकेच टिचकी मारा. किणकिण आवाज आला तर एखादा खडा सैल झालाय, तो घट्ट करून घेईपर्यंत ती घालू नका. नख्यांची अंगठी रोज घालत असाल तर वर्षातून एकदा भिंगाखाली तपासून घ्या. नखीचं टोक झिजून सपाट झालेलं दिसलं तर त्यावर सोन्याचा नवा थेंब चढवता येतो.